पाचशे बारा पायऱ्यांची पाटी

मी पाटी आहे, आणि आज पहिल्यांदाच बोलतेय. खडू मात्र शोधू नका, माझ्यावर काही उमटत नाही. राखाडी प्लॅस्टिकचं अंग, उघड्या वहीएवढा आकार आणि एका कोपऱ्यातून निघालेली तार. ती तार कॉम्प्युटरला जोडायची, माझं पेन माझ्यावर फिरवायचं, की रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. माझं अंग कोरंच्या कोरं.

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी फसवलं म्हणायला नको. पेन कुठे टेकलंय आणि किती जोराने टेकलंय, एवढंच मला कळतं. जोर ओळखायला माझ्याकडे पाचशे बारा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर रेघ वाफेसारखी, वरच्या पायऱ्यांवर काजळासारखी, असं मी ऐकून आहे. ऐकू मात्र मला सगळं येतं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकताना एका यंत्राने माझ्यावर पेन टेकवलं आणि अगदी शेवटच्या पायरीपर्यंत दाबलं. काहीतरी टिंग वाजलं आणि मला खोक्यात घातलं. पाचशे बारावी पायरी कशी असते ते तेव्हा कळलं. त्यानंतर पुष्कळ दिवस कुणी तिथवर आलं नाही.

२००५ सालच्या ऑक्टोबरात श्रीनिवासने मला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका दुकानातून उचललं. श्रीनिवास पुण्याचा. विमानतळाजवळच्या एका कंपनीत, विमानांतून जाणाऱ्या मालाच्या याद्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. बाडहूव्हडॉर्प या तिथल्याच गावात घरी येऊन त्याने मला बायकोच्या मांडीवर ठेवलं.

"घे. टॅब्लेट हवी होती ना तुला?"

"अरे, पण मी नुसतं म्हटलं होतं."

"नुसतं म्हटलेलंच आणायचं असतं, वल्ली. मागितलेलं काय, कुणीही आणतं."

ती वल्लरी. बी.कॉम. झालेली, पुण्यात वर्षभर बँकेत बसलेली, आणि लग्नानंतर दीड वर्ष या गावात दिवसभर घरी असलेली. शाळेपासून वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, ते राहून गेलं. घरातून कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

रविवारी आईचा फोन आला.

"आई, श्रीने टॅब्लेट आणली मला."

"टॅब्लेट? का? काय होतंय? ताप आहे का तुला? आणि डॉक्टरला न दाखवता त्याने गोळी आणलीच कशी?"

हे निस्तरायला पाच मिनिटं गेली. शेवटी वल्लरी म्हणाली, "अगं, चित्रं काढायची पाटी!"

"मग पाटी म्हण ना सरळ. केवढी घाबरले मी."

त्या दिवसापासून माझं नाव पाटी पडलं. आणि घाबरणं त्या मुलीकडे कुठून आलं, हेही मला कळलं.

वल्लरी दचकायची. वारा फिरला की विमानं थेट छपरावरून उतरायची, तेव्हा दचकायची. पत्रं टाकायच्या फटीची झडप वाजली तरी दचकायची. रस्त्यावरची खोली, तिला भलीमोठी काच, आणि पडदे उघडे ठेवायची तिथली रीत. कुणी जाता जाता सहज आत बघून हात केला, तरी तिच्या हातातलं पेन उडायचं. ते मला लगेच कळायचं. एरवी तिचा हात चाळीस-पन्नासाव्या पायरीच्या वर येत नसे. दचकली की एकदम चारशेवर. मग लगेच ती रेघ पुसलेली.

तिचं पुसणं हा एक स्वतंत्रच विषय होता. डावा हात कायम कीबोर्डवर, झालेलं रद्द करायच्या दोन बटणांपाशी. उजव्या हाताने रेघ ओढायची, डाव्याने पुसायची. पुन्हा तिथेच, तीच रेघ. पुन्हा पुसायची. एका भुवईसाठी तिचा हात माझ्यावरच्या त्याच दोन बोटं जागेवरून अख्खी दुपार फिरल्याचं मला आठवतं. संध्याकाळी श्रीनिवास यायचा आणि विचारायचा, "आज काय काढलंस?" ती म्हणायची, "काही नाही रे." ते अगदी खरं असायचं.

त्यातून तिचं वर्तुळ गोल येईना. हात गोल फिरतोय हे मला कळत होतं, पण ती म्हणायची, अंडंच होतंय. आपल्यालाच येत नाही म्हणून तिने दहा दिवस नुसती वर्तुळं काढली.

या सगळ्यातून तिला बाहेर काढलं मेधाताईंनी. दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झाली होती. मेधाताई आधी मुंबईत कार्टूनच्या फिल्मसाठी मागची दृश्यं रंगवायच्या. आता नायमेखनला युनिव्हर्सिटीत होत्या, माणसाच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार कसा कळतो यावर संशोधन करत. वल्लरी शनिवारी त्यांना ईमेलने चित्रं पाठवायची. रविवारी अकराला त्यांचा फोन यायचा. वल्लरी तो स्पीकरवर टाकायची, म्हणजे हात मोकळे राहायचे. त्यामुळे मेधाताईंची शिकवणी मलाही मिळाली.

पहिल्याच फोनला त्या म्हणाल्या, "अंडं तुझं नाही गं, पाटीचं आहे. तुझा स्क्रीन लांबट, पाटी चौकोनी. सेटिंगमध्ये जा, प्रमाण सारखं कर."

वल्लरीने केलं. वर्तुळ गोल आलं. दहा दिवस तिने स्वतःला शिव्या घातल्या होत्या, आणि दोष माझ्या आकाराचा निघाला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली नाही की चिडलीही नाही. "मला वाटलं माझंच चुकतंय," एवढंच म्हणाली. तिला नेहमी तेच वाटायचं.

दुसऱ्या रविवारी मेधाताईंना चित्रात नुसते डोळे आणि पापण्याच सापडल्या.

"ए बाई, चेहरा कुठेय? पापण्या आल्यात, त्यांचं घर अजून बांधायचंय."

"आधी डोळे नीट जमले की मग..."

"मग काही नाही. मोठ्ठा ब्रश घे. चित्र नखाएवढं करून ठेव आणि त्यात तीनच छटा टाक. काळी, मधली, पांढरी. नखाएवढ्यात कळलं तर मोठ्यात कळेल. रंगांचं नाव महिनाभर काढायचं नाही."

मला छटा दिसत नाहीत, पण मोठा ब्रश कळला. हात आधी मुंगीसारखा चालायचा, तो आता माझ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ लागला.

"मनगटातून नको ओढूस," मेधाताई म्हणायच्या, "पोळी लाटताना काय हलतं तुझं?"

"खांदा."

"मग लाट की! चित्र काय वेगळं आहे?"

चित्र अधूनमधून आरशातल्यासारखं उलटं करून बघायचं, असंही त्यांनी शिकवलं. पहिल्यांदा उलटं केलं तेव्हा वल्लरी केवढ्यांदा ओरडली! तिने आठवडाभर रंगवलेल्या बाईचा जबडा एका बाजूला घसरला होता आणि ते तिला सुलट्यात दिसलंच नव्हतं. मग तिला उलटं करायचीच भीती वाटू लागली. मेधाताईंनी दर अर्ध्या तासाने करायलाच लावलं.

चाळीस-चाळीस लेयर ठेवायची तिची सवय त्यांनी मोडली. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, एक बिघडला तर दुसरा शाबूत राहतो. वल्लरी नाकाला एक, नाकाच्या सावलीला एक, असे कागद चढवत जायची. "हे चित्र आहे की घाबरलेल्या माणसाचं कपाट?" मेधाताई म्हणाल्या. "सगळे एकत्र कर. बिघडू दे. वरून रंगव."

पुसायचं व्यसन मात्र सुटेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, "डावा हात मांडीखाली घे आणि त्याच्यावर बस."

ती खरंच बसली. डिसेंबरभर वल्लरी डाव्या हातावर बसून चित्रं काढत होती. श्रीनिवास एकदा लवकर आला, तो दारातच थबकला.

"वल्ली, हात आखडला का तुझा?"

"नाही रे. जप्त झालाय."

आणि एका रविवारी मेधाताई एका चित्रापाशी थांबल्या. कालव्याकाठच्या झाडाचं चित्र होतं.

"ही डावीकडची फांदी कुणी काढली?"

मला ठाऊक होतं. विमान गेलं होतं तेव्हा, हात चारशेवर गेला होता, आणि डावा हात मांडीखाली असल्यामुळे ती रेघ तशीच राहिली होती.

"चुकून झाली, मेधाताई. मी दचकले होते."

"बाकीचं अख्खं झाड माफी मागत उभं आहे. ही एक फांदी खरी आहे. मुली, तुझ्यात जोर आहे, तो तू फक्त दचकताना वापरतेस. न दचकता वापर."

त्यानंतर ती शिकली. एका दिवसात नाही. दीडशे, दोनशे, कधी अडीचशे. मला प्रत्येक पायरी कळत होती. जानेवारीअखेर तिच्या कॉम्प्युटरवर चाळीस चित्रं झाली होती. मेधाताई चेष्टा करायच्या, पण आता मध्येच दोन-दोन मिनिटं काही बोलायच्याच नाहीत. नुसतं बघत असाव्यात.

त्यांनीच तिला अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कला-अकादमीच्या संध्याकाळच्या वर्गाला अर्ज करायला लावला. प्रवेश वर्षातून एकदाच. श्रीनिवासचं काम पुढच्या वर्षी जूनपर्यंतच होतं, मग पुण्याला परत. म्हणजे वल्लरीला हे एकच वर्ष होतं. पुण्यात परत बँकेत बसणार होती ती. "इथे झालं तर झालं, श्री," ती म्हणाली, "नाहीतर मी म्हणजे आपली मागच्या पानावरचीच."

फेब्रुवारीत पत्र आलं, डचमधून. एप्रिलच्या अकरा तारखेला दुपारी दोन वाजता मुलाखत. श्रीनिवास म्हणाला, "दे, ऑफिसात कुणाकडून वाचून आणतो." तिने दिलं नाही. प्रवेश मिळायच्या आधी त्याच्या ऑफिसात बोभाटा नको होता. खिशातली डिक्शनरी घेऊन बसली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली. 'आयखन', म्हणजे स्वतःचं. 'वेर्क', म्हणजे काम. 'मेनेमन', म्हणजे सोबत आणणे. 'तीन तॉत फायफ्तीन', दहा ते पंधरा.

एका शब्दाला तिने डिक्शनरी उघडली नाही, कारण तो तिला येत होता. एम, ए, पी. मॅप म्हणजे मॅप.

अर्थ लागला. स्वतःची दहा ते पंधरा कामं असलेला नकाशा सोबत आणावा.

रविवारी तिने मेधाताईंना सांगितलं. नायमेखनच्या प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलायचे, त्यांचं डच सुपरमार्केटपुरतंच होतं.

"नकाशा? विचित्रच आहे. पण यांना नकाशांचं वेडच. समुद्रातून जमीन उचलून आणलेले लोक! आणि परीक्षा म्हणून कल्पना भारी आहे हं. दहा-पंधरा जागा, एका चित्रात, तुझ्या स्वतःच्या. त्यात सगळंच दिसेल, तुझी मांडणी, छटा, रेघ. कर!"

वल्लरीने विचार केला, स्वतःच्या जागा म्हणजे कुठल्या? दोन दिवस माझ्यावर पेन टेकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःशीच हसली आणि कामाला लागली. तिने बाडहूव्हडॉर्पचा नकाशा काढला, आपण जिथे जिथे दचकतो त्या जागांचा. विमान डोक्यावर येतं तो चौक. मागून सायकलची घंटा वाजते ते वळण. नगरपालिकेच्या कचेरीतली खिडकी, जिथे नाव पुकारतात आणि ते आपलंच आहे हे कळत नाही. डॉक्टरची पायरी. पत्राची झडप. मोजून बारा.

पाच आठवडे ती त्या नकाशावर होती. नखाएवढे नकाशे आधी वीस केले. मग तीन छटा. मग मोठा ब्रश. उलटं करून पाहणं, पुन्हा सुलटं. डावा हात आता मांडीखाली घालावाच लागत नव्हता, तो आपला चहाच्या कपाभोवती असायचा. आणि मार्चच्या अखेरीस एका सकाळी ती विमानाच्या चौकावर आली. विमान नव्हतं. कुणी दार वाजवलं नाही. तिने खांद्यातून हात सोडला आणि पेन माझ्यावरून एका दमात ओढलं. पाचशे बारा. यंत्रानंतर पहिल्यांदा.

ती उठून उभी राहिली. "बाप रे," म्हणाली. पुसलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या त्रूसबाईंना मुलाखतीचं ठाऊक होतं. कुंपणावरून त्या रोज विचारायच्या, "मप क्लार?" 'क्लार' म्हणजे झालं, तयार, हे वल्लरीला येत होतं. डच लोक मॅपला मप म्हणतात, एवढंच तिला वाटलं. दहा तारखेला ती खिडकीतून डचमधलं हो म्हणत ओरडली, "या! मप क्लार!" त्रूसबाईंनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, त्या घरात इतकी आनंदी हाक मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकली नाही.

नकाशा छापून आणला होता, मोठा, गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत. मलाही तिने पिशवीत घातलं. माझं तिथे काही काम नव्हतं. सोबत म्हणून घेतलं असावं.

अकादमीतल्या खोलीत एक बाई आणि एक गृहस्थ होते. इंग्रजीत बोलत होते, आवाज चांगले होते. नाव, गाव, कधीपासून चित्रं काढता. वल्लरी हळू पण नीट बोलत होती. मग बाई म्हणाल्या, "आणि तुमची मप?"

"हो, आणलाय ना." नळीचं झाकण निघालं, कागद टेबलावर उलगडला.

"अरे वा. हे छान दिसतंय. हे काय आहे?"

"मॅप."

"हो, दिसतोय की मॅप. पण तुमची मप कुठे आहे?"

"हाच. हाच माझा मॅप. बारा जागा आहेत. दहा ते पंधरा म्हटलं होतं तुम्ही."

मग त्या गृहस्थांना उलगडलं आणि ते हसले. "ओ, नाही, नाही! मप म्हणजे फोल्डर! तुमच्या दहा-पंधरा चित्रांची फाइल. नकाशाला आम्ही कार्ट म्हणतो." बाईही हसल्या. "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी नकाशा काढून आणलात!"

मी ते हसणं ऐकलंय. त्यात वाईट काही नव्हतं. एखादं मूल गोड चुकलं तर हसतात तसं होतं. पण वल्लरी सव्वीस वर्षांची होती.

बाई लगेच म्हणाल्या, "घरी आणखी काम असेलच तुमचं. आम्ही साडेपाचपर्यंत इथेच आहोत. कसंही आणा, प्रिंट नको, सीडीवर आणा. पण आज आणा, उद्या आमची यादी जाते."

"हो. आणते. थँक यू. सॉरी. थँक यू."

कागद गुंडाळताना तिच्या हातून दोनदा सुटला. आम्ही बाहेर पडलो, दार लागलं, आणि दाराआडून पुन्हा हसू ऐकू आलं. कदाचित ते दुसऱ्याच कशाला हसत असतील. मला माहीत नाही.

सव्वातीनला घरी पोचली. बूटही न काढता तिने कॉम्प्युटर लावला, चाळीसच्या चाळीस चित्रं सीडीवर टाकली. सीडी घरघरत तयार झाली. तिने ती डबीत घातली, जॅकेटची चेन लावली, किल्ली घेतली. दारापर्यंत गेली.

तिथेच उभी राहिली.

पावणेचारची बस गेली. स्टॉप समोरच होता, तिचा ब्रेक मला ऐकू यायचा. मग चारची. वल्लरी दाराशीच. पावलांचा आवाज नाही, कुलपाचा नाही. मी पिशवीत होते आणि मनात म्हणत होते, जा गं, जा. सव्वाचारची बस धरली तरी पोचशील. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिने नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, ती आत गेल्यावर ते दोघं एकमेकांकडे बघतील आणि मनात म्हणतील, आली मॅपवाली, हे तिला सोसवेना.

सव्वाचारची बसही गेली. मग जॅकेटची चेन उघडल्याचा आवाज आला.

श्रीनिवास सहाला आला. "काय गं? काय म्हणाले?"

"नाही जमलं."

"म्हणजे? बघितलं ना त्यांनी सगळं नीट?"

या प्रश्नावर खरं सांगता आलं असतं. तो आधी हसला असता, मग तिला हसवलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकादमीला फोन करून भांडला असता. तो तसा होता.

"बघितलं," वल्लरी म्हणाली. "कच्चं आहे म्हणाले. हात कच्चा आहे."

शब्द चुकल्याच्या लाजेपेक्षा हात कच्चा असल्याची लाज तिला सोपी वाटली. तिला वाटलं, एक वाक्य आहे, बोलून संपेल.

"बरं," तो म्हणाला. "असू दे. प्रयत्न केलास ना? हौस म्हणून काढत राहा." तो तिच्या भल्यासाठीच म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्याने तिला आज काय काढलंस, असं विचारणं सोडलं. दुखेल म्हणून.

नकाशा गुरुवारी जुन्या कागदांच्या गाडीत गेला.

मेधाताईंचा फोन आला. आधी त्या भडकल्या. "कच्चा? कोण म्हणालं कच्चा? नाव सांग मला त्याचं!" वल्लरी म्हणाली, जाऊ दे ना, प्लीज. मग मेधाताई शांत झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"माझंच चुकलं असेल, वल्लरी. मी तुला फार जोर लावायला लावला. नाजूक होता तुझा हात. मी तो बिघडवला."

"नाही हो, मेधाताई."

"नाही कसं? त्यांना कळत नाही का? रोज शेकडो चित्रं बघतात ते."

आता तरी सांगेल, असं मला वाटलं. नाही सांगितलं. पुढच्या रविवारी फोन वाजत राहिला. त्याच्या पुढच्याही. मग वाजायचा थांबला.

त्या उन्हाळ्यात तिने मला चार-पाच वेळा बाहेर काढलं. पहिल्या खेपेला हात ऐंशीवर होता. मग पन्नास. डावा हात पुन्हा दोन बटणांवर. रेघ, पुसणं, रेघ, पुसणं. एकदा तिने जुनी चाळीस चित्रं एकामागून एक उघडली. बटणाचा आवाज ठरावीक अंतराने येत होता. शेवटी ती हळूच म्हणाली, "कच्चीच आहेत." आपणच रचलेलं वाक्य ती आता दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बोलत होती. त्याच दिवशी तिने ती चित्रं पुसली. सीडीचं काय केलं, मला ठाऊक नाही. शेवटचं पेन टेकलं तेव्हा पायरी होती बारावी.

मग मी कपाटावर. हिवाळ्यात माझ्यावर इस्त्रीचे शर्ट ठेवल्याचं ऐकू यायचं.

आज एप्रिलची तीस तारीख आहे, राणीचा दिवस. आज इथे सगळे आपलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात. जूनमध्ये वल्लरी आणि श्रीनिवास पुण्याला निघालेत, म्हणून तिनेही दारासमोर चादर अंथरली आहे. हीटर, दोन खुर्च्या, टेबललॅम्प, आणि मी. पेन रबरबँडने माझ्या पोटाला बांधलंय. तार गुंडाळलेली आहे. तारेत वीज नसली की मला स्पर्श कळत नाही, नुसतं ऐकू येतं.

मघाशी एक मुलगी थांबली. तिने पेन सोडवून घेतलं असावं, कारण रबरबँड तटकन वाजला. वल्लरी दचकली.

"ड्रॉइंग टॅब्लेट! चालू आहे?"

"आहे."

"तू काढतेस चित्रं?"

"नाही. नवऱ्याने आणली होती. मला नाही येत चित्रं."

आवाज अगदी साधा होता, आज ऊन छान आहे म्हणावं तसा. श्रीनिवास बाजूलाच होता. त्याला ते खरंच वाटतं.

मुलगी म्हणाली, फिरून येते, मग बघते. येईल किंवा नाही येणार. मला कुणी नेलं तरी माझ्या आयुष्यात आता फार काही उरलेलं नाही. माझं काही मागणं असेल तर ते माझ्यासाठी नाही.

तुमच्यापैकी कुणी पुण्याला जाल, कुठल्याशा बँकेत खिडकीपलीकडे एक बाई दिसेल, शिक्का आपटला की दचकणारी. तिच्याशी बोलायला निमित्त शोधा आणि तिला एवढं सांगा. त्या दिवशी अकादमीत तिचं एकही चित्र कुणी पाहिलं नव्हतं. हात कच्चा आहे असं कुणीही, कधीही, म्हटलं नव्हतं. तिला हे माझ्याइतकंच माहीत होतं, पण ती विसरली आहे, आणि मला बोलता आलं ते आज, तिने पाठ वळवल्यावर.